आबांनी बुजवलेल्या कवट्या

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या म्युझियमला एकच खिडकी होती आणि तिच्यापुढे सापांच्या बाटल्यांचं कपाट उभं होतं. कपाट हलवायचं तर आधी बाटल्या काढायला हव्यात, बाटल्या काढायच्या तर त्या ठेवायला जागा हवी, आणि जागा नव्हती. त्यामुळे ती खिडकी उघडायचा विषय दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी तिथेच बारगळायचा. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरायचे. नवी मुलं दारातच नाकाला रुमाल लावायची आणि मला त्यांचा राग यायचा, कारण मी तिथली डेमॉन्स्ट्रेटर होते आणि डेमॉन्स्ट्रेटरने नाकाला रुमाल लावून चालत नाही.

संध्याकाळी तिथून सुटायचं आणि मंगळवार पेठेतल्या घरी यायचं, म्हणजे एका खचाखच भरलेल्या खोलीतून दुसऱ्या तसल्याच खोलीत. आमचं काम गणपतीचं. वडील मूर्ती करायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पाडवा झाला की पुढची खोली मूर्तींनी भरायला लागायची, मग मधला सोपा, मग जिना, आणि आषाढ उजाडेपर्यंत आम्ही माणसं स्वयंपाकघरात अंग चोरून जेवायचो. साच्यातून निघालेल्या मूर्तीला बुडबुड्यांची बारीक भोकं असतात. ती लांबी, म्हणजे भरायची लुकण, लावून बुजवायची आणि पॉलिश पेपरने घासून काढायची, हे घरातल्या बायकापोरींचं काम. मला अक्षरं यायच्या आधी भोकं बुजवता येत होती. मूर्तीला भोक म्हणजे खोट, आणि खोट असलेली मूर्ती दारातून बाहेर जायची नाही, हे आमच्या घरी कुणी शिकवायचं नाही. ते अंगातच असायचं.

आणि मला वेड कशाचं लागावं, तर कवट्यांच्या भोकांचं.

फार फार पूर्वी होऊन गेलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची वर्गवारी कशी करतात हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला हसूच आलं होतं. दात नाही, शेपूट नाही, पाय नाही. बघायचं ते डोळ्याच्या खोबणीमागे, कानशिलाच्या जागी. तिथल्या हाडात भोक आहे का, असलं तर एक की दोन, आणि वर की खाली. भोकच नाही ते सगळ्यात जुने. खालच्या अंगाला एक भोक असलेल्यांच्या वंशात पुढे आपण आलो. वरच्या अंगाला एकच असलेले समुद्रात जाऊन राहिले. दोन असलेल्यांच्यात सरडे, मगरी आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हटकून असणारे ते अवाढव्य डायनोसॉर. अनॅप्सिड, सिनॅप्सिड, युरिॲप्सिड, डायॲप्सिड अशी त्यांची नावं. मुलं ती परीक्षेपुरती घोकायची आणि परीक्षा झाली की विसरायची. मी विसरले नाही. कासवाला भोक नाही, म्हणून ते आजही चालतंफिरतं असूनसुद्धा सगळ्यात जुन्यांच्या ओळीत बसवलेलं, हे मला कधी पटलं नाही. आणि ज्यांचं कुठेच धड जमेना, त्यांच्यासाठी कोटिलोसॉर नावाचा एक गट ठेवलेला होता. घरात माळा असतो ना, तसा. हा काही खरा गट नव्हे, ही अडगळ आहे, अशी कुरकुर जाणकारही करायचे. पण अडगळ कुणीतरी उपसायला हवी. ती मला उपसायची होती. माझं स्वप्न एवढंच होतं, हसू नका.

त्या काळी ते काम करायचं तर कलकत्त्याला जायला हवं होतं. तिथल्या एका संशोधन संस्थेत गोदावरीच्या खोऱ्यातून निघालेली हाडं साफ करून, जुळवून, त्यांची वर्गवारी करायचं काम चाललं होतं, आणि त्यांना शिकाऊ संशोधक हवे होते. ही एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी अर्ज लिहिला. तो विभागप्रमुखांच्या शिफारशीने जायला हवा होता, म्हणून त्यांच्याकडे दिला. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सर आवाज चढवत नसत. ‘तू मला मुलीसारखी’ असं ते म्हणाले की समजायचं, आता आपल्या गळ्यात काहीतरी पडणार. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली, आणि आपली काही हरकत नाही, फक्त वडिलांना विचारलंस का, असं विचारलं.

आबांना विचारलं तर ते म्हणाले, सर सोडत असतील तर बघू की. मी सरांना जाऊन सांगितलं, वडील नाही म्हणत नाहीत. सर म्हणाले, नाही म्हणत नाहीत म्हणजे हो म्हणतात का? पुन्हा आबांकडे. आबा म्हणाले, आधी सरांचं कळू दे. असे कितीतरी दिवस गेले. दोघेही हसतमुख, दोघेही माझ्या भल्याचंच बोलणारे. एकाने जरी ठणकावून नाही म्हटलं असतं तरी मला भांडता आलं असतं. भांडण मला चांगलं जमतं. पण इथे भांडायला समोर कुणी उभंच राहत नव्हतं, आणि मी दोघांच्यात खो-खोतल्या खांबासारखी जागच्या जागी.

शेवटी सरांनीच वाट काढली, किंवा तेव्हा मला ती वाट वाटली. विद्यापीठाची समिती येणार होती. आमच्या विभागाला एम. एस्सी.चा वर्ग द्यायचा की नाही हे ती ठरवणार होती, आणि समितीत एक बाहेरगावचे प्राध्यापक होते, जीवाश्मांच्या विषयातले मोठे जाणकार. सर म्हणाले, म्युझियम असं लावून दे की त्यांनी तोंडात बोट घालावं. समितीची पाठ फिरली की त्याच दिवशी तुझा अर्ज शिफारशीसह रवाना. मी विचारलं, नक्की ना सर? ते म्हणाले, अगं, तू मला मुलीसारखी.

मी ठरवलं, त्या पहिल्या सरपटणाऱ्यांच्या कवट्यांचे नमुने मांडायचे. दरेक गटाची एक कवटी, ओळीने, की बघणाऱ्याला नुसत्या भोकांवरून सगळा वंश कळावा. विकत मागवले असते तर समितीआधी आलेच नसते. पण प्लास्टर आमच्या घरात पोत्याने होतं. पुस्तकातल्या आकृत्या बघून मी शाडूत कवट्या घडवल्या, आणि आबांनी हातचं काम बाजूला ठेवून त्यांचे साचे काढून दिले. साच्यात प्लास्टर फिरवायचं, मग काथ्या लावून आतून अंगठ्याने दाबत जायचं, म्हणजे मूर्ती पोकळ राहते आणि तडकत नाही. अंगठा हेच आबांचं खरं हत्यार होतं. वर्षानुवर्षांच्या दाबादाबीने तो रुंद आणि चपटा झाला होता, आणि ताटात भाकरी मोडतानासुद्धा तो वेगळा उठून दिसायचा.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कुरकुर केली. देवाच्या रांगेत हाडकं कशाला, म्हणाले. आईने कवट्यांवर पोतं टाकलं. एक गिऱ्हाईक आपला गणपती ठरवायला आलं आणि पोत्याचा कोपरा उचलून बघून तसंच परत गेलं. कॉलेजचं काम, आपल्या पोरीचं काम, एवढंच आबा ज्याला त्याला सांगायचे.

कवट्या साच्यातून निघाल्या त्या दुपारी आबा घरी नव्हते. प्लास्टर ओलं असतानाच मी सुरीने भोकं पाडली; कडा खडबडीत राहिल्या, पण त्या आल्यावर घासू म्हटलं. कारण मला दुसऱ्या दिवशी पहाटे चंदगडची एसटी धरायची होती. सरांना समितीपुढे ठेवायला देवगांडूळ हवं होतं. दिसायला गांडुळासारखं, पण जात बेडकाची; त्या बाजूच्या ओल्या मातीत पावसाळ्यात सापडतं. विभागाचे शिपाई सोबत होते. एका दिवसात जाऊन यायचं असं ठरलं होतं.

देवगांडूळ सापडलं. पण परत निघालो तर ओढ्यावरच्या फरशी-पुलावर कमरेएवढं पाणी, आणि एसटी पलीकडेच थांबलेली. गावातली माणसं म्हणाली, पावणं, आता पाणी उतरल्याबिगार जायाचं नाव काढू नका. पाणी उतरेना. तार पडलेली, टपाल बंद. एका शिक्षकांच्या घरी आम्हाला ठेवून घेतलं. माझा जीव नुसता तळमळत होता. समितीचा दिवस जवळ येत होता आणि मी बरणीतलं एक जनावर मांडीवर घेऊन पाऊस बघत बसले होते. पण खोटं कशाला बोलू, मधूनच मला तिथे बरंही वाटायचं. कुणी मला काही करायला सांगत नव्हतं. समोर खिडकी होती आणि ती उघडी होती.

पाणी ओसरलं तशी आम्ही पहिली गाडी धरली. घरी पोचले ती समितीच्या आदल्या दिवशी सकाळी. आबा दारातच उभे होते. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. मला बघितल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आईने पदर डोळ्याला लावला आणि लगेच चहा टाकला. चहा होईपर्यंत आबा मला पुढच्या खोलीत घेऊन गेले. त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. लहान पोराने चित्र दाखवावं तसे ते एका बाजूला होऊन उभे राहिले.

कवट्या फळीवर ओळीने मांडल्या होत्या. घासलेल्या, हस्तिदंती रंग दिलेल्या, वर हलकंसं वार्निश. डोळ्यांच्या खोबणी आणि नाकपुड्या सुबक कोरलेल्या. बाकी कानशिलं कशी गालासारखी गुळगुळीत. एकही भोक नव्हतं. सगळीच्या सगळी घराणी एका रांगेत बिनभोकी होऊन बसली होती.

“लई भोकं पडलीती तुझ्या हातनं,” आबा म्हणाले. “घाईत केलंस, हुतं आसं. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला वर, कुणाला खाली. नेमानं असती तर म्हटलं असतं मुद्दाम हाय. सगळी बुजिवली. सरांच्या म्होरं तुझी मान खाली नको.”

माझ्या अंगाची लाही झाली. मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. कुणी सांगितलं होतं हात लावायला, असं म्हणाले, आणि आणखीही बरंच. माझं आयुष्य त्या भोकांवर अडलंय, असंही म्हणाले. आबांना त्यातलं काहीच कळत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, आबा, ती भोकंच दाखवायची होती. आतून आई म्हणाली, भोकं बघाय समिती येती व्हय? तिला खरंच तसं वाटलं होतं, ती चेष्टा करत नव्हती. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

मग मी आबांना खाली बसवलं. इतक्या वर्षांत मी काय शिकते, काय शिकवते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या तोंडात सुपारी होती. मी त्यांचीच बोटं त्यांच्या कानशिलावर ठेवली आणि म्हणाले, आता चावा. त्यांनी चावलं. बोटांखाली मांस टरारून वर आलं. त्यांनी पुन्हा चावलं, पुन्हा बोटं दाबली. हा जबड्याचा स्नायू, मी सांगितलं. त्याला फुगायला जागा लागते, ती जागा म्हणजे ते भोक. ज्याला जागा झाली त्याचा जबडा जोराचा झाला. कुणाला ती खाली झाली, कुणाला वर, कुणाला दोन्हीकडे, आणि त्यावरूनच आम्ही कोण कुठल्या घरचा ते ओळखतो. आपल्यालाही आहे ते.

आबा बराच वेळ चावत राहिले.

“म्हंजे भोक ही खोट न्हाय,” ते म्हणाले.

“न्हाय आबा. त्यो जगायचा रस्ता हाय.”

ते उठले आणि कोरणी घेऊन बसले. दिवसभर बसले. ह्येला किती, कुठं, केवढं, एवढंच विचारायचे. मी पुस्तक धरून समोर बसलेली. रंग दिलेलं तोंड फोडायचं नाही, असा त्यांचा नेम होता. पण त्यांनी तो मोडला. कडा अशा निघाल्या की माझ्या हातून जन्मात निघाल्या नसत्या. दिवेलागणीला काम संपलं. दोनभोक्यांची, एखादी तडकली तर हाताशी असावी म्हणून काढलेली, एक जादा कवटी होती, ती तेवढी बुजवलेली तशीच राहिली. एकसारख्या दोन नेऊन काय करायचं, म्हणून मी ती फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. बाहेरगावचे प्राध्यापक वयस्कर, किडकिडीत, कानाशी हात नेऊन ऐकणारे. बाकीचे दोघे सरांबरोबर पुढे गेले, ते मात्र कवट्यांपुढे थांबले. एकेक उचलून त्यांनी भोकांत बोट घातलं, कडा चाचपल्या. हे कुणी केलं, असं विचारलं, तेव्हा सर लांबूनच म्हणाले, आमच्या विभागातच. प्राध्यापकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत प्लास्टर होतं.

मग त्यांनी कासवाची कवटी उचलली आणि हे या ओळीत का, असं मला विचारलं. पुस्तकी उत्तर तोंडावर होतं. पण काल सकाळी त्या फळीपुढे मी स्वतः उभी होते, आणि मीच घडवलेल्या कवट्यांतली कुठली कुणाची हे मला कानशिलावरून ओळखता येत नव्हतं. मी म्हणाले, पुस्तकं याला इथे ठेवतात म्हणून ठेवलंय सर. पण भोक कधी नव्हतंच आणि भोक होतं ते पुढे बुजलं, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. याचं बुजलेलं नसेल असं मला खात्रीने सांगता येणार नाही.

“हे तुम्ही कुठे वाचलंत?”

“वाचलं नाही सर. घरी बघितलं.”

ते मोठ्याने हसले आणि सरांकडे वळले. “या मुलीला इथे ठेवू नका,” ते म्हणाले. सरही हसले आणि मान हलवली. मी सापांच्या कपाटाला धरून उभी राहिले. मी त्या रात्री बॅगेत काय काय न्यायचं याचा विचार करत झोपले.

सकाळी कॉलेज उघडताच मी सरांच्या खोलीत गेले. ते खुशीत होते. वर्ग मिळाल्यातच जमा आहे म्हणाले, माझ्यासाठी चहा सांगितला. मी अर्जाची आठवण केली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“तो विषय तर संपला ना,” ते म्हणाले. “तू चंदगडला अडकली होतीस तेव्हा तुझे वडील आले होते. भर पावसात. हात जोडून म्हणाले, साहेब, हिला सोडू नका. मग मी तरी काय करणार? घरून नकार आहे, आमच्याकडून उमेदवार येणार नाही, असं मी कलकत्त्याला कळवून टाकलं.”

मी विचारलं, मग मला का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, समिती तोंडावर आली होती, तुझं मन कशाला मोडायचं. आणि आता एम. एस्सी.चा वर्ग येणार, म्युझियम तुझ्याशिवाय कोण बघणार, तुझी जागाही कायम होईल. एकेक वाक्य ते इतक्या मायेने बोलत होते की मी खुर्चीवरून उठले. चहा आला तो मी घेतला नाही. माझा निषेध तेवढाच.

भर उन्हातून चालत घरी आले ती मनात सगळी वाक्यं जुळवत. आबांना काय काय विचारायचं, कुठून सुरुवात करायची. दारात आले तर आबा पायरीवर बसून वहाणा घालत होते. अंगात लग्नाकार्याचा कोट, डोक्यावर धुतलेली टोपी. गणपतीच्या दिवसांत, कामाच्या वेळी, आबा असे कधीच बाहेर पडत नसत.

मी विचारलं, कुठं निघालाय?

“सरांस्नी भेटाय.”

“कशाला?”

“तुला सोडा म्हणून सांगाय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, वहाणेच्या पट्ट्यात बोट घालून ती नीट करत राहिले. “मीच नको म्हणून आलतो. तू कुठं हाईस कळंना. जितीजागती हाईस का ते कळंना. मला वाटलं, चंदगडला ही गत, तर कलकत्त्याला… मग त्या कवट्यांचं तू सांगितलंस. दोन दिस त्येच डोक्यात हाय. म्हटलं, जाऊन सांगून येतो, माझं चुकलं.”

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी होती आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

“कळवून झालंय, आबा,” मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग वहाणा काढल्या. आत जाऊन कोट खुंटीला लावला, आणि अर्धवट राहिलेली एक मूर्ती पुढे ओढून खाली बसले. मला भयंकर राग आला होता. त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं आणि त्यांना दोन्ही खांदे धरून हलवावंसंही वाटत होतं. यातलं मी काहीच केलं नाही. गणेश चतुर्थी जवळ आली होती आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी लांबीची वाटी घेतली, त्यांच्यासमोर बसले आणि भोकं बुजवायला लागले.

त्या मोसमात मी आबांशी कामापुरतंच बोलले. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला, सरांना न विचारता. तेव्हा वयाची अट आडवी आली. त्यानंतर आई अंथरुणाला खिळली, एम. एस्सी.चा वर्ग सुरू झाला, माझी जागा कायम झाली. कायम हा शब्द ज्याला आनंदाचा वाटतो त्याला तो लखलाभ असो. दर वर्षी नवी मुलं आली, नाकाला रुमाल लावून कवट्यांपुढे उभी राहिली, आणि मी त्यांना एक भोक, दोन भोकं, वर, खाली हे शिकवत राहिले. सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात म्हणाले, ही मला मुलीसारखी. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझं लग्न का झालं नाही हा वेगळा विषय आहे, तो मी कुणाला सांगत नाही.

आबांवरचा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो आहे. पण त्यांच्या शेवटच्या आजारपणात मीच त्यांना भरवायचे, आणि घास चावताना ते कधी कधी कानशिलावर बोटं ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी दुसरा घास पुढे करायचे.

ते गेले, मग माझ्या धाकट्या भावाने मूर्तीचं काम बंद करून पुढच्या खोलीचं दुकान करायचं ठरवलं. साचे, कोरण्या, फळ्या, सगळं बाहेर निघालं, आणि एका फळीवर, धुळीखाली, ती जादा कवटी सापडली. वार्निश पिवळं पडलं होतं, बाकी जशीच्या तशी. मी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. आता मीही निवृत्त आहे. कोटिलोसॉर नावाचा तो माळा म्हणे दुसऱ्याच कुणीतरी उपसून टाकला, ते नावही कुणी घेत नाही. कासवालाही बिनभोक्यांच्या ओळीतून उठवून दोनभोक्यांत बसवलंय असं वाचलं. त्याला भोकं होती, पुढे बुजली. ते वाचून मी दुपारभर काही केलं नाही.

मागे एकदा भावाची मुलगी माझ्या टेबलाशी बसली होती. तिला परगावी नोकरी लागली होती आणि तिची बांधाबांध चालली होती. तिने सहज विचारलं, आत्या, तू सगळा जन्म ह्याच पेठेत काढलास, तुला कधी कुठं जावंसं वाटलंच नाही का गं? तिच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. सगळ्यांना तसंच वाटतं; ही घरातच रमणारी, हिला बाहेरची ओढ कधी नव्हतीच.

मी तिच्या हातात ती कवटी दिली आणि म्हणाले, बाहेरून बघ. तिने कानशिलावरून हात फिरवला. गुळगुळीत आहे म्हणाली. मग मी कवटी उलटी केली आणि तिला आत बोट घालायला सांगितलं. तिने घातलं, चाचपलं, आणि तिचं बोट थांबलं. आत, डोळ्याच्या खोबणीमागे, भोकं बुजवताना प्लास्टर जिथे दाबलं होतं तिथे दोन खळगे आहेत, एक वर आणि एक खाली. रुंद, चपटे, कातडीच्या बारीक रेषांसकट.

“आत्या, हितं कुणाचा तरी अंगठा उठलाय,” ती म्हणाली.

“आबांचा,” मी म्हणाले, आणि कवटी तिच्या हातून काढून घेऊन जागेवर ठेवली.